लागलं ते लागलं

गावातल्या ग्रामसेवकाच्या गळ्यात सरकारने दोन कामं अशी बांधली आहेत, की एक दुसऱ्याच्या पायात अडकतं. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे तो गावातल्या लग्नांचा निबंधक आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली राज्याने केलेल्या नियमांप्रमाणे तोच बालविवाह प्रतिबंध अधिकारीही आहे, आणि अंगणवाडी सेविका त्याची मदतनीस. पदाचं नाव अलीकडे बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण परभणी जिल्ह्यात लोक त्याला ग्रामसेवकच म्हणतात. गावातली कुठली पोरगी शाळेतून कमी झाली, कुणाच्या घरी सुपारी फुटली, मांडवाची ऑर्डर कुणी दिली, हे त्याला आणि सेविकेला सगळ्यांत आधी कळतं. दोघांनाही त्याच गावात राहायचं असतं, हेही तितकंच खरं.

१०९८ वर फोन जातो. करणारा नाव सांगत नाही. मग पोलीस, बालसंरक्षण कक्ष आणि सेविका गावात पोचतात. शाळेचा दाखला मागितला जातो आणि आधार कार्डावरच्या तारखेशी ताडून पाहिला जातो. मुलगी सोळाची निघते. हळद लागलेली असते, आचाऱ्याची भांडी चुलीवर असतात. लग्न थांबतं. आईवडिलांकडून हमीपत्र लिहून घेतात, मुलीला बालकल्याण समितीपुढे उभं करतात. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची बातमी येते: प्रशासनाने बालविवाह रोखला. हमीपत्र दिल्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात, मामाच्या शेतात, रात्रीच्या वेळी काय होतं, त्याची बातमी सहसा येत नाही.

आता हीच मंडळी अर्धा तास उशिरा पोचली असं धरा. अक्षता पडून गेल्या आहेत, किंवा काझीसमोर तीनदा कबूल झालं आहे. कायद्याप्रमाणे गुन्हा घडला. लग्न लावून देणारे, लावणारे, सज्ञान नवरा, यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्रही आहे. पण लग्न? ते उभंच राहतं. ती सोळा वर्षांची मुलगी कायद्याने त्या घरची सून झालेली असते. गावातल्या बायका म्हणतात, आता लागलं ते लागलं. भारताचा कायदाही जवळपास तेच म्हणतो, फक्त जरा जड भाषेत.

या लेखाचा विषय नेमका एवढाच आहे. कारण याच मुद्द्यावर भारताने जगाला शब्द दिलेला आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर १९७९ रोजी स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाच्या उच्चाटनाचा करार स्वीकारला. सीडॉ या नावाने तो ओळखला जातो. भारताने जुलै १९८० मध्ये सही केली आणि ९ जुलै १९९३ रोजी तो करार मान्य केला. मान्य करताना दोन निवेदनं जोडली. पहिलं असं की, समाजातल्या रूढी आणि विवाहातली समानता यांबद्दलची कलमं आम्ही पाळू, पण कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्याच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याचं आमचं धोरण सांभाळून. दुसरं असं की, विवाहनोंदणी सक्तीची करण्याचं तत्त्व आम्हाला मान्य आहे, पण इतक्या मोठ्या, नाना चालीरीतींच्या आणि नाना धर्मांच्या देशात ते व्यवहार्य नाही. पहिल्या निवेदनाचा अर्थ वकिलाला विचारायची गरज नाही. धर्मावर आधारलेल्या व्यक्तिगत कायद्यांना आम्ही आपणहून हात लावणार नाही, असं ते सांगतं. नेदरलँड्सने त्यावर रीतसर आक्षेप घेतला होता. करारावर देखरेख ठेवणारी समितीही निवेदनं मागे घ्या असं भारताला पुन्हा पुन्हा सांगत आली आहे.

दुसऱ्या निवेदनाबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. नोंदणी व्यवहार्य नाही असं दिल्ली जगाला सांगत होती, तेव्हा मुंबई राज्याचा विवाहनोंदणीचा कायदा चाळीस वर्षांचा झालेला होता. तो १९५३ चा. पुढे १४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करा असा आदेश दिला. त्या निकालात हे निवेदनही नमूद आहे.

मला मात्र सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती न लिहिलेली गोष्ट. कराराच्या सोळाव्या कलमाच्या दुसऱ्या भागात दोन बाबी आहेत. एक नोंदणीची. दुसरी अशी की, बालकाची सोयरीक आणि बालकाचा विवाह यांना कोणताही कायदेशीर परिणाम असणार नाही, आणि त्यासाठी किमान वय ठरवून द्यावं. पहिल्या बाबीवर भारताने निवेदन जोडलं. दुसरीवर काहीही जोडलं नाही. म्हणजे बालकाचं लग्न कायद्याच्या लेखी शून्य राहील, हा शब्द भारताने कसलीही अट न घालता दिला. आणि आपला कायदा म्हणतो: लग्न वैध आहे, मुलीला नको असेल तर तिने न्यायालयात यावं.

२०१९ मध्ये महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी झाली. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या किती, हा त्यातला एक प्रश्न. देशाचं उत्तर सुमारे २३ टक्के. महाराष्ट्राचं सुमारे २२. परभणी जिल्ह्याचं ४८. राज्यात सगळ्यांत वर परभणी, तिच्यामागे बीड. ही पाहणी कोरोनाच्या आधीची आहे, म्हणजे शाळा बंद पडल्या म्हणून झालं, ही सबबही इथे चालत नाही.

असा आकडा समोर आला की चर्चा लगेच एका ठरलेल्या वळणावर जाते. मुस्लिम कायद्यात पंधराव्या वर्षी लग्न चालतं ना, मग तिकडे बघा. परभणीत तिकडे बघून भागत नाही. जिल्ह्यात मुस्लिम लोकसंख्या साधारण सहावा हिस्सा आहे. त्या समाजातल्या झाडून सगळ्या मुलींची लग्नं अठराच्या आत झाली असं धरलं तरी बेरीज ४८ च्या जवळपासही जात नाही. उरलेल्या लग्नांत भटजी आहेत, मंगलाष्टका आहेत, बौद्ध वंदना आहे. त्या सगळ्यांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू आहे. तो वधूचं वय अठरा सांगतो, पण ती अट मोडली तर लग्न रद्दबातल आहे असं कुठेही म्हणत नाही. सपिंड नात्यातलं लग्न, पहिली बायको असताना केलेलं दुसरं लग्न, ही रद्दबातल. चौदा वर्षांच्या मुलीचं लग्न मात्र नाही. १९७६ मध्ये त्यात एक पोटकलम घातलं गेलं: पंधराच्या आत लग्न झालेल्या मुलीने अठरा पूर्ण होण्याआधी ते नाकारलं तर तिला घटस्फोट मागता येईल. मुस्लिम विवाहविच्छेदाच्या १९३९ च्या कायद्यात जवळपास हीच तरतूद आधीपासून होती, पती-पत्नी संबंध आलेला नसावा एवढी अट जास्त. दोन धर्मांचे कायदे एकमेकांपासून किती लांब आहेत हे आपण वर्षानुवर्षं ऐकतो. बालवधूच्या बाबतीत ते शेजारी शेजारी बसलेले आहेत.

आणि परभणीत लेकीचं लग्न कुणी धर्मग्रंथ उघडून लावत नाही. ऊसतोडीच्या टोळीत कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशोबाने. एकटा पोरगा अर्धा कोयता. त्याचं लग्न झालं की हंगामाआधी घरात येणारी रक्कम वाढते. मुलीच्या बाजूने पाहिलं तर दसरा-दिवाळीनंतर आईबाप पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर जाणार. वयात आलेल्या पोरीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं? बरोबर न्यावं तर राहायच्या कोपीला दार नाही. शिवाय पोरगी जितकी मोठी आणि जितकी शिकलेली, तितका हुंडा चढा. गावातली शाळा सातवी-आठवीला संपते आणि पुढच्या गावाचा रस्ता एकटीने जायचा असतो. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटीने काही गावांत हा प्रश्न थोडा हलका केला, पण गाडी चुकली की तो दिवस गेला. ‘हात पिवळे केले की मोकळं’ या वाक्यात श्रद्धा शोधू नये. तो हिशोब आहे, आणि गरिबाच्या बाजूने बघितलं तर फार चुकीचाही नाही.

धर्माच्या नावाने कायद्यात ठेवलेली ही मोकळी जागा प्रत्यक्षात वापरतात ती अशी माणसं. दिल्लीतले मुत्सद्दी ‘समाजाच्या खासगी बाबी’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात शरियत आणि धर्मशास्त्र असतं. गंगाखेड-पालमकडच्या बापाच्या मनात मुकादम असतो.

मग ही मोकळी जागा आली कुठून? त्यासाठी मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेली रखमाबाई मोठी झाल्यावर सासरी जायला तयार झाली नाही. नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. १८८७ मध्ये मात्र नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा आदेश निघाला. तिने तुरुंग पत्करेन म्हटलं. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आली. ‘केसरी’ तिच्या विरुद्ध उभा होता. १८९१ मध्ये संमतिवयाचं बिल आलं. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा करायचं, एवढंच. टिळकांचा विरोध परकीय सरकारने हिंदूंच्या घरात कायद्याने शिरण्याला होता. लोकांनी आपणहून मुलींची लग्नं सोळाच्या आत करू नयेत, असं स्वतः टिळकांनीच सुचवलं होतं. संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांनी शास्त्रातले आधार काढून बिलाची बाजू घेतली. बिल पास झालं. पण सरकार धडा शिकलं: शिक्षा हवी तर लिहा, लग्नाला हात लावू नका.

१९२९ च्या शारदा कायद्यात तो धडा पुरता उतरला. त्याआधी संमतिवयाची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते अमरावतीचे सर मोरोपंत जोशी. कायदा सर्व धर्मांना सारखा होता, आणि कायदेमंडळात त्याची बाजू घेणाऱ्यांत जिनाही होते, हे आज अनेकांना नवल वाटेल. मुलीचं वय चौदा ठरलं. मोडल्यास दंड, कैद. पण लागलेलं लग्न वैध. अंमल १ एप्रिल १९३० पासून सुरू होणार म्हणून मधल्या सहा महिन्यांत देशभर लहान पोरांच्या लग्नांची झुंबड उडाली. परभणीला याचं काही सोयरसुतक नव्हतं, कारण कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता आणि परभणी निजामाची. १७ सप्टेंबर १९४८ नंतरच या जिल्ह्याची गाठ देशाच्या कायद्यांशी पडली. वय पुढे पंधरा झालं, १९७८ मध्ये अठरा झालं. २००६ चा नवा कायदा १ नोव्हेंबर २००७ पासून लागू झाला. आधीच्यापेक्षा तो पुष्कळ कडक आहे. अक्षय्य तृतीयेचं नाव कायद्याच्या कलमातच आहे: त्या दिवशी सामूहिक बालविवाह रोखण्यासाठी जिल्हाधिकारीच प्रतिबंध अधिकारी मानला जातो. दंडाधिकाऱ्याचा मनाई हुकूम असताना लावलेलं लग्न पूर्णपणे रद्द. पळवून आणलेल्या किंवा विकलेल्या मुलीचं लग्न रद्द. बाकी सगळे बालविवाह मात्र १९२९ च्याच वाटेने वैध; फक्त आता तिने मागितलं तर रद्द.

मागायचं कसं? जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. अज्ञान असेल तर पालक किंवा हितचिंतक आणि प्रतिबंध अधिकारी यांच्यामार्फत. पालकांनीच तर लग्न लावलेलं असतं. सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत, म्हणजे विसावं पूर्ण होण्याआधी. सतराव्या वर्षी पहिलं बाळंतपण, एकोणिसाव्या वर्षी दुसरं, मध्ये दोन ऊसहंगाम, अशा बाईला विसाव्या वाढदिवसाच्या आत परभणीच्या कोर्टात वकील गाठायला सांगणारा हा हक्क आहे.

फौजदारी बाजू तर आणखी विचित्र. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी इंडिपेंडंट थॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अठराच्या आतल्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच. नव्या भारतीय न्याय संहितेतही आता तसंच लिहिलं आहे. म्हणजे त्या मुलीचा नवरा दिवाणी कायद्याने नवरा आणि फौजदारी कायद्याने बलात्कारी. हा संबंध जिथून कायदेशीर वाटू लागतो, ते लग्न वैध. मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली डॉक्टरला पोलिसांना कळवणं बंधनकारक, त्यामुळे सोळा-सतराची गरोदर पोर सरकारी दवाखान्यात जायला कचरते किंवा वय एकोणीस सांगते. जिथे ती सगळ्यांत जास्त दिसायला हवी, तिथेच ती कागदावरून गायब होते. विवाहनोंदणीचंही तेच. घरचे अठरा पूर्ण होईपर्यंत थांबतात आणि मग ग्रामपंचायतीत जातात. त्याच ग्रामसेवकापुढे.

आता न्यायालयं. पंधरा-सोळाच्या मुस्लिम मुलीचं लग्न व्यक्तिगत कायद्याप्रमाणे चालेल असं पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. बालविवाहाचा कायदा सर्व धर्मांना लागू आहे असं केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं. असा गुंता सुटावा म्हणून केंद्राने त्याआधीच, २१ डिसेंबर २०२१ रोजी, लोकसभेत विधेयक मांडलं होतं: मुलीचं वय एकवीस, आणि हा कायदा सर्व व्यक्तिगत कायद्यांच्या वर. ते स्थायी समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर आपोआप बाद झालं. १८ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने बालविवाहावर मोठा निकाल दिला, यंत्रणेसाठी लांबलचक सूचना दिल्या, सीडॉचा आधार घेऊन बालवयातल्या सोयरिकीवरही बंदी आणण्याचा विचार संसदेने करावा असं सुचवलं. मूळ प्रश्न मात्र, व्यक्तिगत कायदा वर की हा कायदा वर, त्या विधेयकाकडे बोट दाखवून तसाच ठेवला. विधेयक तोवर अस्तित्वातच नव्हतं. पंजाबच्या निकालाविरुद्ध राष्ट्रीय बालहक्क आयोगाने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये फेटाळली, तीही आयोगाला असा अधिकार नाही म्हणून. प्रश्न अजून उभाच आहे.

मुलीने आंतरराष्ट्रीय दार ठोठावावं तर तेही बंद. सीडॉ समितीकडे व्यक्तीला तक्रार करू देणारा जादा करार भारताने स्वीकारलेला नाही. जगाकडे बोट दाखवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की अमेरिकेने सीडॉ आजवर मान्यच केलेला नाही, आणि तिथल्या अनेक राज्यांत अठराच्या आतलं लग्न आजही कायदेशीर आहे. बांगलादेशाने २०१७ मध्ये कायदा कडक करताना ‘विशेष परिस्थिती’त अठराच्या आतही लग्न चालेल अशी फट ठेवली. इंडोनेशियात वेगळं घडलं. २०१७ मध्ये चिरेबोन भागात महिला उलेमांनी परिषद भरवली आणि बालविवाहाविरुद्ध फतवा काढला. पुढे तिथल्या घटनात्मक न्यायालयाने वयातली विषमता घटनाबाह्य ठरवली आणि २०१९ मध्ये मुलींचं वय सोळावरून एकोणीस झालं. धार्मिक न्यायालयाकडून सवलत मिळण्याची वाट तिथेही उरली आहे, पण पुढाकार समाजातून आला हे नाकारता येणार नाही.

आणि आपल्याकडे समाजाचा पुढाकार नव्हता म्हणता? १८ एप्रिल १९६६ रोजी मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई तोंडी तलाकाविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले, ते काय होतं? रखमाबाई कोण होती? २००२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात, तलाक दिला असं नुसतं म्हणून चालणार नाही, तो सिद्ध करावा लागेल, असं ठरवलं, त्यामागे मराठवाड्यातली एक रहीमबी कोर्टाची पायरी चढली होती. ‘समाजाची संमती’ मोजताना सरकार कायम मौलवी, महंत आणि पंच मोजतं. ज्या मुलीचं लग्न होतंय ती त्या समाजात धरली जात नाही. १९९३ च्या निवेदनातला हा खरा दोष आहे, आणि म्हणून ते मागे घेतलं पाहिजे.

इथे एक विरोधी म्हणणं मला हलकं मानता येत नाही. फ्लेविया ॲग्नेस यांच्यासारख्या स्त्रियांच्या बाजूने लढणाऱ्या वकील सांगतात की बालविवाहाचे कायदे वापरले जातात ते बऱ्याचदा पळून जाऊन लग्न केलेल्या जोडप्यांविरुद्ध, मुलीच्या बापाकडून. आणि सरसकट लग्न शून्य केलं तर पोटगी, वारसा, मुलांचं नाव यांत बाईचंच नुकसान. भीती खरी आहे. पण २००६ च्या कायद्यातच लग्न रद्द झालं तरी मुलगी पोटगी मागू शकते आणि मुलं औरस राहतात अशी कलमं आहेत. ती शून्य ठरलेल्या लग्नालाही लावायला कुणाचा हात धरलेला नाही.

शेजारी बघा. बिदर, गुलबर्गा, रायचूर आणि परभणी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. कर्नाटकाने केंद्राच्या कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती घेतली, आणि २०१७ पासून तिथे बालविवाह मुळापासूनच रद्द आहे, धर्म कुठलाही असो. सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न बिदरला लावलं तर ते शून्य, परभणीला लावलं तर पक्कं. कर्नाटकातले बालविवाह त्यामुळे थांबले, असं मी म्हणणार नाही. दुरुस्तीने उसाची उचल फिटत नाही. पण तिथल्या मुलीला लग्न मोडायला कोर्टात जावं लागत नाही, ते टिकवायचं असेल तर इतरांना काहीतरी सिद्ध करावं लागतं. विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे. महाराष्ट्र विधिमंडळाला हे करायला संसदेची वाट पाहायची गरज नाही. संमतिवयापासून शारदा कायद्यापर्यंतचा अर्धा वाद मराठीत झाला, आणि त्या वादाच्या भूमीत ही एक ओळ अजून लिहिली गेलेली नाही.

परभणीत प्रशासनाने बालविवाहमुक्त जिल्ह्याची मोहीम चालवली, शाळांत शपथा झाल्या, मंडपवाल्यांना, छापखान्यांना, भटजींना आणि काझींना नोटिसा गेल्या. ते चालू राहावं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहं दसऱ्याआधी उघडावीत, दिवाळी उलटल्यावर नकोत. आणि वाचकांपैकी कुणाच्या ओळखीत, कामावर, शेजारी अशी एखादी अठरा-एकोणीस वर्षांची सून असेल, जिचं लग्न पंधरा-सोळाव्या वर्षी झालं आणि जिला ते नको आहे, तर तिला एक गोष्ट सांगा, कारण तिला ती लग्नात कुणी सांगितलेली नाही. विसावं वर्ष पूर्ण होईपर्यंत तिला लग्न रद्द करून मागता येतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्न न विचारता मोफत वकील देतं. परभणीत त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे.